गोल्फसाठी ५४ हजारांचा नवा ड्रायव्हर की १४ हजारांचा जुना?

प्रश्न : वय ४७, राहणार रत्नागिरीजवळ. तीन वर्षं गोल्फ खेळतोय. कामानिमित्त महिन्यातून एकदा-दोनदा नवी मुंबईला जाणं होतं, तेव्हा खारघरला खेळतो. एरवी घरासमोरच्या खळ्यात जाळं बांधून सराव. सात नंबरची आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) साधारण १२५ यार्ड जाते. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, मित्राचा मागून आणलाय, ९ अंश लॉफ्टचा (तोंडाच्या कलाचा), स्टिफ म्हणजे ताठ शाफ्टचा (दांड्याचा). चेंडू बुटका जातो आणि उजवीकडे वळून झाडीत शिरतो. तीन नंबरचा वुडही जवळजवळ तेवढाच जातो. आता स्वतःचा ड्रायव्हर घ्यायचाय. बजेट २० हजार, फार ताणलं तर २५. समोर तीन पर्याय आहेत. दुकानातला नवाकोरा नामांकित, ५४ हजारांचा, हप्त्यावर. ओळखीच्या खेळाडूकडचा नामांकित कंपनीचा चार वर्षं जुना, १०.५ अंश, लॉफ्ट बदलता येणारा, रेग्युलर शाफ्टचा, १४ हजारांना. तिसरा ऑनलाइन दिसला, कधी न ऐकलेल्या नावाचा, ६ हजारांना, ‘नियमापेक्षा जास्त उसळी’ अशी जाहिरात असलेला. कुठला घेऊ?

उत्तर : चार वर्षं जुना घ्या. मात्र पैसे देण्याआधी तो खाली लिहिलंय तसा तपासा, आणि घेतल्यावर नवी ग्रिप (मुठीवरचं आवरण) व किरकोळ कामांसाठी दीड-दोन हजार बाजूला ठेवा. हप्त्यावरचा ५४ हजारांचा घेऊ नका. ६ हजारांचा तर कुणी फुकट दिला तरी नको.

आधी नव्या-जुन्याचा प्रश्न मिटवू. चेंडूवर आदळणारा क्लबचा दर्शनी भाग तो क्लबफेस; बहुतेक ड्रायव्हरमध्ये तो जेमतेम तीनेक मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा पत्रा असतो. चेंडू आदळला की तो किंचित आत दबतो आणि ताशाच्या कातड्यासारखा परत उसळतो. या उसळीला आर अँड ए आणि यूएसजीए या नियम ठरवणाऱ्या दोन्ही संस्थांनी मर्यादा घातलेली आहे. एक छोटा लोलक क्लबफेसवर सोडतात आणि तो किती काळ टेकून राहतो ते मोजतात. मर्यादा २३९ मायक्रोसेकंद, आणि मोजणीत फरक पडू शकतो म्हणून वर १८ ची सवलत. हेडचं, म्हणजे क्लबच्या डोक्याचं, आकारमान ४६० घन सेंटिमीटरच्या वर जाऊ शकत नाही. चेंडू कडेला लागल्यावर हेड हातात वळू नये म्हणून वजन कडेला सरकवून जी स्थिरता आणतात, तिलाही वरची मर्यादा आहे. मोठ्या कंपन्यांचे ड्रायव्हर गेली कित्येक वर्षं या छताला डोकं टेकवूनच उभे आहेत. त्यामुळे यंदाचा ड्रायव्हर चार वर्षांपूर्वीच्यापेक्षा मधोमध लागलेला चेंडू लांब नेईल, असं होत नाही. कडेला लागलेल्या चेंडूचं नुकसान दरवर्षी थोडं थोडं कमी झालंय हे खरं, पण चार वर्षांतला तो फरक तुम्हा-आम्हाला जाणवावा एवढा नाही. टेलरमेड, कॅलवे, पिंग, कोब्रा, क्लीव्हलँड यांपैकी कुणाचंही २०१८ नंतरचं, हौशी खेळाडूंसाठी बनवलेलं मॉडेल असेल तर डोळे झाकून ‘जुनं’ म्हणून नाकारू नका.

६ हजारांच्या ड्रायव्हरची जाहिरातच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. नियमापेक्षा जास्त उसळी आणायची तर पत्रा आणखी पातळ करावा लागतो, आणि पातळ पत्रा लवकर तडकतो. तुमच्या वेगाला त्या जादा उसळीतून मिळणारे यार्ड मोजण्याइतकेही नसतात. स्पर्धेत अशा क्लबने एक फटका मारला तरी खेळाडू बाद होतो. आज तुम्ही स्पर्धा खेळत नसाल, पण क्लबातली एखादी मासिक स्पर्धा खेळावीशी वाटेल त्या दिवशी हा ड्रायव्हर घरी ठेवून जावं लागेल. कुठलाही ड्रायव्हर नियमात बसतो का हे पाहायचं असेल तर नियमात बसणाऱ्या हेडची यादी या दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर फुकट बघता येते. हेडच्या तळावरची अक्षरं आणि लॉफ्ट त्या नोंदीशी ताडून पाहा. १४ हजारांच्या ड्रायव्हरसाठीही हे पाच मिनिटांचं काम करून घ्या.

आता तुमचा खेळ. सात नंबर १२५ यार्ड जाते म्हणजे ड्रायव्हर फिरवतानाचा तुमचा वेग ताशी ८० ते ८५ मैलांच्या आसपास असणार. ताळा करायचा असेल तर ड्रायव्हरचा नीट लागलेला चेंडू हवेतून किती यार्ड जातो ते बघा, पडल्यावर घरंगळतो ते धरू नका, आणि त्या आकड्याला सव्वादोन ते अडीचने भागा. १८५ यार्ड जात असेल तर वेग साधारण ८० निघतो. अंदाज ढोबळ आहे, पण लॉफ्ट निवडायला पुरतो.

तुमच्या पत्रातली सगळ्यांत कामाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे: तीन नंबरचा वुडही जवळजवळ तेवढाच जातो. तीन नंबरच्या वुडचा लॉफ्ट १५ अंशांच्या आसपास असतो आणि शाफ्ट ड्रायव्हरपेक्षा दोनेक इंच आखूड. आखूड शाफ्टचा, लहान हेडचा क्लब ड्रायव्हरच्या बरोबरीने चेंडू नेत असेल तर त्याचा एकच अर्थ निघतो: मित्राच्या ड्रायव्हरचा लॉफ्ट तुमच्या वेगाला कमी पडतोय. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक मालिकेतल्या खेळाडूंचा सरासरी वेग ११५ मैलांच्या घरात असतो. तेवढ्या वेगाने ९ अंशांतूनही चेंडू उंच चढतो आणि हवेत टिकून राहतो. ८० मैलांना तो पुरता वर जाण्याआधीच उतरायला लागतो. तुम्हाला १२ अंश लागतील. १०.५ च्या खाली कुणीही, कितीही स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका.

जास्त लॉफ्टमुळे स्लाइसही, म्हणजे चेंडूचं उजवीकडे वळणंही, कमी होतो. चेंडू उजवीकडे वळतो कारण आदळताना क्लबफेस तुमच्या स्विंगच्या वाटेच्या मानाने उघडा राहतो. लॉफ्ट वाढला की चेंडूची मागची फिरकी वाढते, आणि क्लबफेस तेवढाच उघडा असला तरी चेंडूचा अक्ष कमी कलतो, म्हणून वळणही कमी. स्विंगमधला दोष त्याने जात नाही, पण त्याची शिक्षा हलकी होते. जो चेंडू झाडीत जायचा तो कडेच्या गवतात सापडतो.

किनाऱ्यावर खेळणाऱ्यांनी लॉफ्ट चढा ठेवावा याला आणखी एक कारण आहे. मृगाचा पाऊस लागला की फेअरवे, म्हणजे मैदानातली आखूड गवताची पट्टी, भाताच्या खाचरासारखं मऊ होतं. चेंडू पडला तिथेच बसतो, घरंगळून मिळणारे वीस-पंचवीस यार्ड पार जातात. पावसाळाभर हवेतून जे अंतर कापलं तेवढंच तुमचं. बुटका जाऊन पुढे पळणारा चेंडू एप्रिल-मेच्या कडक जमिनीवर बरा वाटतो आणि जुलैत रडवतो. दुपारनंतर खारा वारा सुटतो तेव्हा ‘वाऱ्यात कमी लॉफ्ट बरा’ असा सल्ला हमखास कानावर येतो. तो वेगवान खेळाडूंसाठी ठीक आहे. तुम्ही समोरच्या वाऱ्यात ग्रिप इंचभर खाली धरा, शांतपणे फिरवा आणि टीची (चेंडू ठेवायच्या खुंटीची) उंची आहे तीच ठेवा. वारा पाहून टी खाली ठोकण्याची चूक बरेच जण करतात. मग चेंडू क्लबफेसच्या खालच्या भागावर लागतो, फिरकी वाढते आणि चेंडू वाऱ्यात फुग्यासारखा वर चढून तिथेच मरतो.

१४ हजारांचा ड्रायव्हर १०.५ चा असूनही चालेल, कारण त्याचा लॉफ्ट बदलता येतो. शाफ्ट हेडमध्ये शिरतो तिथे एक स्लीव्ह असतं, त्यावर आकडे किंवा खुणा कोरलेल्या असतात. तळाचा बोल्ट पूर्ण सोडवून स्लीव्ह फिरवायचं आणि परत आवळायचं. बऱ्याच मॉडेलमध्ये दीड अंशापर्यंत लॉफ्ट वाढवता येतो, म्हणजे तुमचे १२ अंश तिथे मिळाले. त्या मॉडेलला किती वाढतो ते स्लीव्हवरच्या आकड्यांवरून कळेल. लॉफ्ट वाढवला की क्लबफेस थोडा बंद होतो, म्हणजे जमिनीवर ठेवल्यावर जरा डावीकडे बघताना दिसतो. स्लाइस मारणाऱ्याच्या हे पथ्यावरच पडतं, म्हणून दचकून तो हाताने उघडून धरू नका. बोल्ट आवळायला त्या ड्रायव्हरबरोबर आलेला पानाच वापरा. तो ठरलेला जोर लागला की ‘कट्’ आवाज करतो आणि पुढे आवळतच नाही. विकणाऱ्याकडे तो पाना आहे का ते आधी विचारा, नसेल तर तेवढे पैसे कमी करून घ्या. साध्या पान्याने ताकद लावून आवळल्याने आटे गेलेली स्लीव्ह दुरुस्त होत नाहीत. आणि एका कंपनीचं स्लीव्ह दुसऱ्या कंपनीच्या हेडला बसत नाही हेही लक्षात असू द्या.

शाफ्टवरच्या ‘रेग्युलर’, ‘स्टिफ’ या अक्षरांवर फार विसंबू नका. अमुक इतका वाकला की रेग्युलर, असं सगळ्या कंपन्यांना बांधणारं मापच नाही. एकीचा रेग्युलर दुसरीच्या सीनियरइतका, म्हणजे त्याहून मऊ प्रकाराइतका, लवचिक निघतो. तुमच्या वेगाला रेग्युलर किंवा सीनियर, दोन्ही चालतील. त्यापेक्षा शाफ्टचं वजन बघा, ते बहुतेक शाफ्टवर छापलेलं असतं. ५० ग्रॅमच्या आसपासचा तुम्हाला योग्य. ६५-७० ग्रॅमचा असेल तर नवव्या होलनंतर खांदे बोलायला लागतील, विशेषतः आपल्या दमट हवेत.

लांबीकडे मात्र फारसं कुणी बघत नाही, आणि हौशी खेळाडूचं सगळ्यांत जास्त नुकसान तिथेच होतं. दुकानात मिळणारे ड्रायव्हर साडेपंचेचाळीस ते पावणेशेहेचाळीस इंचांचे असतात. लांब शाफ्टने वेग थोडा वाढतो, पण चेंडू मधोमध लागण्याचं प्रमाण घटतं, आणि कडेला लागलेला चेंडू वाढलेला वेग व्याजासकट परत घेतो. तुमच्या उंचीचं पत्रात काही नाही, पण साडेपाच-पावणेसहा फूट धरली तर साडेचव्वेचाळीस इंच पुष्कळ झाले. लगेच कापायला जाऊ नका. ग्रिपच्या टोकापासून इंचभर खाली रंगीत चिकटपट्टीचा वेढा मारा आणि दोनशे चेंडू त्याच्या खाली धरून मारा. फरक पडला तरच कापा.

कापायचा तो ग्रिपच्या बाजूने, हेडच्या बाजूने कधीच नाही. कापायच्या जागी मास्किंग टेप घट्ट गुंडाळायची, बारीक दातांच्या हॅकसॉ ब्लेडने शाफ्ट हळूहळू फिरवत कापायचा आणि नाकाला मास्क लावायचा, कारण ग्राफाइटची धूळ फुप्फुसाला वाईट. प्लंबरचं पाइप कटर वापरू नका, ते ग्राफाइटचे तंतू चिरडतं आणि तिथून शाफ्ट उभा चिरतो. इंचभर कापल्यावर हेड हातात हलकं वाटायला लागेल. तळाला मागच्या बाजूस शिशाची चिकटपट्टी दहा-बारा ग्रॅम लावली की पूर्वीचा तोल बऱ्यापैकी परत येतो.

आता तपासणी. विकणाऱ्याकडे दिवसा जा. सोबत एक बारीक टॉर्च, फ्रिजवरचं चुंबक आणि ओला रुमाल असू द्या. क्लबफेस रुमालाने पुसा. वाळत असताना टॉर्च बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून धरा. तड असेल तर ओल तिथे रेषेत थांबलेली दिसते. सगळ्यांत जास्त तडा जातात त्या क्लबफेस आणि तळ जिथे जोडलेत त्या कडेवर, मधोमधपासून थोडं टाचेच्या, म्हणजे शाफ्टकडच्या, बाजूला, म्हणून तिथे नखाने रेघ ओढून बघा. नख अडकलं तर व्यवहार तिथेच थांबवा. मधोमधच्या खाचा झिजलेल्या असतील तर काळजी नको, ड्रायव्हरला त्यांचं फारसं काम नसतं. वरच्या टोपीवर, पुढच्या काठाला पांढुरके ओरखडे दिसतील. टी फार उंच ठेवल्याने चेंडू वर लागल्याच्या त्या खुणा आहेत. दिसायला वाईट, खेळायला निरुपद्रवी, आणि भाव पाडून मागायला उत्तम. पण टोपी कार्बनची असेल तर तिचा सांधा जिथे टायटॅनियमला मिळतो तिथे बोटाने दाबत सगळीकडे फिरा. कुठेही दबल्यासारखी वाटली, चिवचिवली, तर नको.

मग हेड कानाजवळ धरून हलवा. आत खडखड झाली तर गोंदाचा तुकडा सुटलेला असू शकतो, तेवढं चालतं. पण धातूचा टणक आवाज असेल तर वजन सुटलंय. क्लबफेसवर मधोमध बोटाच्या पेराने टिचकी मारा, मग टाचेला, मग टोकाला. चांगल्या हेडचा आवाज जागेनुसार थोडा बदलतो पण खणखणीत राहतो. भेगाळलेला पत्रा फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो. शाफ्ट उन्हात धरून बोटांमध्ये सावकाश फिरवा. बॅगेत वर्षानुवर्षं आयर्नवर घासून कडेला गोल खाच पडलेली असते, बहुतेक हेडपासून दहा-बारा इंचांवर. रंग गेला असेल तर चालेल, तंतू उघडे पडले असतील तर शाफ्ट तिथेच मोडणार. हेडला लागून असलेली काळी प्लास्टिकची कडी वर सरकलेली दिसली तर गोंद सैल झालाय असं समजा. कोकणातल्या मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत बॅग ठेवणाऱ्यांचा ड्रायव्हर असाच होतो, कारण गोंद उष्णतेने मऊ पडतो.

चुंबक कशासाठी? नकली हेडसाठी. नामांकित कंपन्यांच्या या वर्गातल्या ड्रायव्हरचा क्लबफेस बहुतेक टायटॅनियमचा, काहींत कार्बनचा असतो आणि दोन्हींना चुंबक चिकटत नाही. क्लबफेसला चिकटलं तर तो पोलाद आहे आणि वरचं नाव खोटं आहे. तळाच्या स्क्रूला किंवा वजनाला चिकटलं तर घाबरू नका, ते पोलादाचे असू शकतात. हेडच्या मानेवर किंवा स्लीव्हजवळ बारीक अक्षरांत क्रमांक असतो, त्याचा फोटो काढून कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून खात्री करून घ्या. ओळखीचा माणूस आहे म्हणून विचारायला संकोच वाटेल, पण त्यालाही तो नकली म्हणून कुणी विकला असू शकतो.

सगळं ठीक निघालं तरी पैसे लगेच देऊ नका. आठ दिवसांसाठी मागा, अनामत म्हणून निम्मे ठेवा. या आठ दिवसांत खळ्यातलं जाळं फार उपयोगी पडेल. जाळ्यात चेंडू वळतो की नाही हे कळत नाही, पण तो क्लबफेसवर कुठे लागतो हे अगदी नेमकं कळतं. घामोळ्यांची पावडर थोड्या पाण्यात कालवून क्लबफेसवर बोटाने पातळ थर द्या आणि वाळू द्या. प्रत्येक चेंडूचा गोल ठसा उमटेल. दहा चेंडू मारा, प्रत्येक ठशाचा फोटो काढा, पुसा, पुन्हा थर द्या. कंटाळवाणं आहे, पण फटका मोजणारी हजारो रुपयांची मशिनं जे सांगतात त्यातलं निम्मं याने फुकटात कळतं.

ठसे टाचेकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला जमले तर तुमच्या स्लाइसचं निम्मं कारण सापडलं. टाचेला लागलेल्या चेंडूला उजवीकडे वळवणारी फिरकी हेडच देतं, टोकाला लागलेल्याला डावीकडे वळवणारी. अशा वेळी ग्रिप इंचभर खाली धरून आणि चेंडूपासून अर्धं पाऊल मागे सरून पुन्हा दहा मारा. ठसे मध्याकडे सरकले तर लांबी कापायचा निर्णय झाला. ठसे खालच्या तिसऱ्या भागात असतील तर दोष ड्रायव्हरचा नाही, टीचा. चटईतल्या रबरी टी बहुतेक बुटक्या असतात. ड्रायव्हर चेंडूमागे ठेवल्यावर चेंडूचा निम्मा भाग टोपीच्या वर दिसायला हवा, म्हणजे टी जमिनीच्या वर सुमारे दीड इंच. बुटकी टी वापरून महिनोन्‌महिने सराव केला की खाली चोपायची सवय लागते आणि मग कुठलाही ड्रायव्हर बुटकाच जातो. रबरी टी खाली लाकडाची चकती घालून वर उचला.

जाळ्याचं म्हणाल तर मासेमारीचं नायलॉनचं जाळं उत्तम, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मिळतं. भोक २५ मिलिमीटरपेक्षा मोठं नको, कारण चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर आहे आणि वेगाने आलेला चेंडू ताणलेल्या भोकातून निसटतो. जाळं ताणून बांधू नका, सैल सोडा. ताणलेलं जाळं चेंडू तुमच्याच अंगावर फेकतं. पाठीमागे हातभर अंतरावर जुनी गोधडी लोंबकळत ठेवा. जाळं चेंडूपासून तीन मीटर तरी लांब असावं आणि मागे माड, पोफळ किंवा जांभ्याचा गडगा नसावा. उन्हाने नायलॉन कुजतं, म्हणून दर पावसाळ्यानंतर हाताने ओढून बघा. पायाखाली उघडा कातळ किंवा जांभ्याची फरशी असेल तर चटई क्लबच्या पूर्ण वाटेवर पसरलेली हवी. एकदा जांभ्यावर घासलेला तळ परत गुळगुळीत होत नाही, आणि मनगटाला बसलेला हिसका महिनाभर पुरतो.

मुंबई-नवी मुंबईत जाताय तर एकदा फटका मोजणाऱ्या मशिनवर मारून बघायला हरकत नाही. सर्वांत लांब गेलेला चेंडू लक्षात ठेवू नका, विक्रेता तोच दाखवेल. दहाच्या दहा चेंडू धरा, त्यांची हवेतली सरासरी आणि डावी-उजवीकडची फाकण बघा. तुमच्या वेगाला चेंडू १४ ते १७ अंशांनी वर निघाला आणि फिरकी मिनिटाला अडीच ते तीन हजार फेऱ्यांच्या आसपास राहिली की लॉफ्ट जमला.

ड्रायव्हर तुमचा झाला की ग्रिप मात्र पहिल्याच दिवशी बदला. दुसऱ्याच्या घामाने गुळगुळीत झालेली ग्रिप आपण नकळत आवळून धरतो. त्याने मनगटं ताठ होतात, क्लबफेस बंद व्हायचा तो होत नाही, आणि चेंडू पुन्हा उजवीकडे. किनाऱ्यावर कॉर्डची, म्हणजे सुताचे धागे मिसळलेली ग्रिप घ्या. घामात आणि सरींमध्ये ती पकड सोडत नाही. माप बघायचं तर डाव्या हातात धरल्यावर मधली दोन बोटं अंगठ्याखालच्या उंचवट्याला हलकी टेकली पाहिजेत. बोटं रुतली तर ग्रिप बारीक, पोचलीच नाहीत तर जाड. जुनी काढताना साध्या सुरीने कापू नका, शाफ्टवर चिरा पडतात. वाकड्या टोकाचं ब्लेड शाफ्टपासून बाहेरच्या दिशेने चालवा. जुनी टेप खरवडून काढा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी नवी लावा, टेपवर आणि ग्रिपच्या आत रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन ओता, एका दमात सरकवा, सरळ करा आणि रात्रभर उभी ठेवा. विझलेल्या चुलीपासूनही दूर, उघड्यावर बसून हे काम करा.

खारी हवा टायटॅनियमला काही करत नाही. ती खाते बोल्ट आणि पोलादी वजनं. दोन महिन्यांतून एकदा बोल्ट पूर्ण काढा, कोरड्या फडक्याने पुसा, परत आवळा. तेल लावू नका, बोल्ट सैल पडतो. खेळून आल्यावर हेड ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा, बादलीत बुडवू नका, स्क्रूच्या भोकांतून पाणी आत जातं आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. ओलं झालेलं कव्हर पुन्हा चढवलं की आठवड्यात बुरशी. पावसाळ्यात कव्हर काढून ठेवा आणि बॅग ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका. ग्रिप महिन्यातून एकदा भांडी घासायच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धुवा.

१४ हजार ड्रायव्हरचे, दीडेक हजार ग्रिप, टेप आणि शिशाच्या पट्टीचे. २० हजारांतून जे उरतं त्यातून खारघरला जाल तेव्हा एखाद्या प्रशिक्षकाचा तासभर घ्या. जाताना ठशांचे फोटो आणि हाच ड्रायव्हर बरोबर न्या, आणि त्यांना एकच गोष्ट विचारा: आदळताना माझा क्लबफेस उघडा का राहतो? आठ दिवसांच्या चाचणीत तीन नंबरच्या वुडपेक्षा हा ड्रायव्हर हवेतून पंधरा यार्ड तरी पुढे गेला नाही तर स्लीव्ह आणखी वर करता येतं का ते बघा. तेही करून झालं असेल तर अनामत परत घ्या आणि १२ अंशांचाच दुसरा शोधा. तोवर टीवरून वुड मारत राहा.